भोक पाडलेली पेनी: पैसा की दागिना?

इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी वरचेवर येते. शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना कुणाला तरी सात-आठशे वर्षांपूर्वीची चांदीची पेनी सापडते. तिच्या कडेजवळ बारीक भोक असतं आणि एका बाजूवर सोन्याच्या मुलाम्याचे पुसट अवशेष असतात. मग ती पेनी तज्ज्ञाकडे जाते, तिच्यावर अहवाल लिहिला जातो आणि शेवटी कॉरोनर निकाल देतो, की ही वस्तू ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या लेखी खजिना, आहे.

कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईतही कॉरोनर असे, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हा शब्द ओळखीचा असेल. पण मृत्यूंची चौकशी करणाऱ्या माणसाचा एका फुटक्या पेनीशी काय संबंध? आणि त्याहून मोठं कोडं पुढेच आहे. हीच पेनी धडधाकट, भोक नसलेली सापडली असती, तर तिची कॉरोनरकडे वर्दी द्यावी लागली नसती. म्हणजे चांगलं नाणं सापडणाऱ्याकडे राहू शकतं आणि भोक पडलेल्या नाण्याची चौकशी होते. हे उलटं का, ते समजून घ्यायचं तर आधी पेनीकडे नीट बघावं लागेल.

## ही पेनी होती तरी कशी?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पेनी म्हणजेच पैसा होता. बाराव्या-तेराव्या शतकात सामान्य माणसाच्या हातात येणारं नाणं हेच, चांदीचं. चांदीही चोख, हजारात ९२५ भाग. वजन साधारण १.४ ग्रॅम. आकारानं ती आपल्या आजच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आणि इतकी पातळ, की बोटांनी जोर लावला तर वाकावी. १२ पेनींचा एक शिलिंग आणि २४० पेनींचा एक पौंड असा हिशेब होता. १३०० च्या सुमारास साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेनी मिळत. म्हणजे एका पेनीत दिवसभराच्या घामाचा मोठा वाटा असे. तिला भोक पाडणारा माणूस चिल्लर वाया घालवत नव्हता, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला क्रूस. क्रूसाचा व्यवहारातही उपयोग होता. अर्धी किंवा पाव पेनी हवी असेल तर क्रूसाच्या रेघेवरून नाणं सरळ कापत. कापलेले असे अर्धे आणि पाव तुकडे आजही शेतांत भरपूर सापडतात. ११८० पासूनच्या पेनीवर क्रूसाचे हात आखूड होते, त्यामुळे कडेची चांदी कातरली तरी चटकन कळत नसे. म्हणून १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं क्रूसाचे चारही हात थेट कडेपर्यंत नेले. टोकं दिसली नाहीत तर नाणं कातरलेलं आहे, हे घेणाऱ्याला कळावं असा हेतू होता. पुढे १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डनं चलन पुन्हा बदललं. गोल अर्धी पेनी आणि गोल पाव पेनी आली, आणि चार पेनींचं ‘ग्रोट’ नावाचं मोठं नाणं आलं.

हे ग्रोट फार बोलकं आहे. वजन पावणेसहा ग्रॅमच्या आसपास, देखणं, पण बाजारात चाललं नाही. एवढ्या मोठ्या नाण्याची रोजच्या व्यवहारात गरजच नव्हती. मात्र त्या काळचे जे ग्रोट आज उरले आहेत, त्यांतल्या पुष्कळांवर मुलाम्याच्या किंवा मागे लावलेल्या टाचणीच्या खुणा आहेत. व्यापाऱ्यांनी ज्याला हात लावला नाही, ते लोकांनी अंगावर घातलं.

## नाण्याचा दागिना करावासा का वाटला?

आपल्याकडे पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट हे नाणं व्यापारातून भारतात आलं. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक अशा दोन आकृती असतात. इथल्या लोकांना त्यांत राम-सीता दिसले, असं म्हणतात, आणि ते नाणं गळ्यात आलं. पुढे तर सोनार तशाच चकत्या खास माळेसाठी घडवू लागले. गळ्यातल्या पुतळीनं कुणी वाणसामान आणत नाही. अडीनडीला ती मोडता येते, पण अंगावर असते तोवर ती शोभा असते, देवाची आकृती असते, आजीची आठवण असते. इंग्लंडच्या शेतकऱ्यानं पेनीला भोक पाडलं, तेव्हा तिचंही असंच झालं.

तिथं लोकांना हवा होता तो क्रूस. गरीब माणसाला सोनाराकडून क्रूस घडवून घेणं परवडणारं नव्हतं, पण चांदीवर नीट उठवलेला क्रूस प्रत्येक पेनीवर आयताच होता. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, एडवर्ड द कन्फेसर आणि विजेता विल्यम यांच्या काळातल्या काही पेनींचे ब्रोच, म्हणजे कपड्याला पिननं लावायचे दागिने, केलेले आढळतात. त्यांची रचना नेमकी एकसारखी असते. क्रूसाच्या बाजूला सोन्याचा मुलामा आणि राजाच्या चेहऱ्याच्या बाजूला रिव्हेट ठोकून बसवलेली पिन. म्हणजे राजाचं तोंड कपड्याकडे आणि क्रूस जगाकडे. मला या साध्या निवडीचं फार अप्रूप वाटतं. राजानं आपला अधिकार दिसावा म्हणून चेहरा उठवला आणि प्रजेनं शांतपणे नाणं उलटं लावलं.

याला दुसरं एक व्यावहारिक कारणही असू शकतं. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे दीड-दोनशे वर्षं इंग्लंडमध्ये दर काही वर्षांनी नाण्याचा छाप बदलत. जुनं नाणं टांकसाळीत देऊन नवं घ्यावं लागे आणि त्यात राजा आपला वाटा कापून घेई. जुन्या छापाची पेनी बदलून घेण्यापेक्षा तिचं काहीतरी करून ठेवावं, असं एखाद्याला वाटणं स्वाभाविक आहे. १२४७ आणि १२७९ च्या बदलांनंतरही जुनी नाणी चलनातून काढली गेली. पण नुसतं हे कारण पुरत नाही. तसं असतं तर कोणतीही बाजू पुढे चालली असती.

एक उदाहरण मात्र असं आहे, की ज्यात नाणं पाडणाऱ्याच्याच मनात प्रार्थना होती. १००९ मध्ये इंग्लंडवर डेन, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातल्या, लोकांचं मोठं सैन्य चालून आलं, तेव्हा राजा एथेलरेडनं सगळ्या राज्याला उपवास आणि प्रायश्चित्ताचा हुकूम दिला. त्या सुमारास एक वेगळीच पेनी निघाली. तिच्यावर राजाचा चेहराच नाही. एका बाजूला ख्रिस्ताचं प्रतीक असलेलं देवाचं कोकरू आणि दुसऱ्या बाजूला पवित्र आत्म्याचं प्रतीक असलेलं कबुतर. या पेनी आज मोजक्याच ज्ञात आहेत. त्यांतल्या बऱ्याच स्कॅन्डिनेव्हियात सापडल्या, आणि अनेकींना भोक किंवा कडी आहे. ज्यांच्यापासून वाचव म्हणून ही प्रार्थना नाण्यावर कोरली, त्यांच्याच देशात ती गळ्यात लटकली.

## कोणती बाजू पुढे होती, हे कसं कळतं?

मुलामा असेल तर प्रश्न नाही. ज्या बाजूला सोनं, ती बाजू पुढे. पण मुलामा नसतो तेव्हा भोकाची जागा साक्ष देते.

मध्ययुगीन नाणं हातानं पाडत. खालचा ठसा ठोकळ्यात घट्ट रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वरून हातात धरलेला दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. वरचा ठसा दर वेळी जसा हातात आला तसा फिरलेला असे. त्यामुळे राजाचं डोकं आणि मागच्या क्रूसाचा उभा हात एका रेषेत येतीलच असं नाही. आता अशा नाण्याला दोऱ्यात ओवायचं तर ओवणाऱ्याला एक बाजू निवडावीच लागते. भोक राजाच्या डोक्याच्या बरोबर वर असेल, तर चेहरा सरळ लटकतो. भोक क्रूसाच्या एका हाताच्या टोकाशी असेल, तर क्रूस उभा राहतो. क्रूसाच्या दोन हातांमधल्या जागेत असेल, तर क्रूस फुलीसारखा तिरका होतो. एखाद्या पेनीत क्रूस अगदी ताठ आहे आणि पाठीमागे राजा आडवा किंवा डोकं खाली करून लटकतो आहे, असं दिसलं की भोक पाडणाऱ्यानं कोणती बाजू बघून खिळा ठेवला, हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

भोकाची कडही बघतात. खिळ्यानं किंवा पोगरानं ठोकलं असेल, तर धातू पलीकडच्या बाजूला ढकलला जातो आणि तिथं कंगोरा उभा राहतो. तो कधी ठोकून सपाट केलेला असतो, कारण नाहीतर कपडा फाटला असता किंवा कातडीला टोचला असता. गिरमिटानं पाडलेलं भोक दोन्हीकडून साफ असतं. शेजारी शेजारी दोन भोकं असतील, तर नाणं कपड्याला शिवलेलं असण्याची शक्यता वाढते.

आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे झिजलेलं भोक. वर्षानुवर्षं दोरा एकाच जागी घासत राहिला, की गोल भोक कडेच्या दिशेनं लांबट होत जातं. काही नाण्यांत ते पार कडेपर्यंत फाटलेलं दिसतं. ज्या क्षणी ते फाटलं, त्या क्षणी नाणं गळून पडलं असणार. कुणाच्या गळ्यातून, कुठल्या बांधावर, हे कळायला मार्ग नाही, पण ते कसं हरवलं हे नाण्यानंच सांगितलेलं असतं.

## पण भोक नंतर कुणी पाडलं नसेल कशावरून?

ही शंका अगदी रास्त आहे आणि तज्ज्ञही ती सोडून देत नाहीत. नाण्यावरचा राजा आणि छाप यांवरून नाणं कधी पाडलं हे कळतं. भोक त्यानंतर कधीही पडलेलं असू शकतं, दुसऱ्या दिवशी किंवा तीनशे वर्षांनी.

असं घडल्याचे पक्के पुरावे आहेत. पाचव्या ते सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन कबरींत, विशेषतः स्त्रिया आणि मुलांच्या, भोक पाडलेली रोमन नाणी मिळतात. ती पुरली गेली तेव्हा शेकडो वर्षं जुनी होती आणि ब्रिटनमधली रोमन सत्ता कधीच संपली होती. पण तिथं कबर आहे, सांगाडा आहे, सोबतचे मणी आहेत. त्यामुळे नाणं गळ्यात केव्हा होतं हे ठरवता येतं. नांगरलेल्या शेतातल्या सुट्ट्या पेनीला असा शेजार नसतो. शेकडो वर्षांच्या नांगरटीनं मातीचे थर कालवून टाकलेले असतात.

म्हणून तज्ज्ञ नाण्याच्या अंगावरच पुरावा शोधतात. भोकाच्या आतल्या भिंतीवर बाकी नाण्यासारखाच जुना गंज आणि काळपटपणा चढला आहे का? आत चकचकीत ताजी चांदी दिसली तर भोक अलीकडचं. मुलामा असेल तर क्ष-किरणांच्या उपकरणानं नाणं न खरवडता त्यातले धातू तपासता येतात. सोन्याबरोबर पारा सापडला तर ती जुनी रीत. पारा आणि सोनं यांचं मिश्रण चांदीवर चोळून तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं चिकटून राहतं. नाणं भोक पाडण्याआधी किती झिजलं होतं, हेही पाहतात. अक्षरं कोरी असतील तर ते टांकसाळीतून निघाल्यावर फार फिरलं नाही, लवकरच दागिना झालं असं म्हणता येतं. एवढं करूनही काही नाण्यांबाबत उत्तर मिळत नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मला तरी असे अहवाल अधिक भरवशाचे वाटतात.

## राजाचं नाणं बिघडवणं गुन्हा नव्हता?

नाणं कातरणं हा भयंकर गुन्हा होता. १२७८ च्या अखेरीस पहिल्या एडवर्डनं नाणी कातरल्याच्या आरोपावरून इंग्लंडमधल्या ज्यूंची धरपकड केली. सुमारे ६०० जण तुरुंगात गेले आणि शेकडोंना फासावर चढवलं. काही ख्रिस्ती लोकांनाही शिक्षा झाली, पण त्याच आरोपाखाली ज्यूंचे जीव कितीतरी अधिक संख्येनं गेले. १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर हाकललं. पेनीच्या कथेतलं हे सगळ्यांत काळं पान आहे आणि ते वगळून मध्ययुगीन नाण्यांबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

मग भोक पाडणारे कसे सुटले? फरक हेतूत आहे. कातरणारा थोडी चांदी काढून घेतो आणि उरलेलं नाणं पूर्ण किमतीला पुढे चालवतो, म्हणजे घेणाऱ्याला फसवतो. भोक पाडून, मुलामा देऊन, पिन लावून गळ्यात-छातीवर घालणारा ते नाणं चलनातून बाहेर काढतो. त्यात फसवला कुणीच जात नाही. नुकसान असलंच तर त्याचं स्वतःचं, एका पेनीचं.

## दागिनाच होता, की आणखी काही?

बऱ्याचदा आणखी काहीतरी होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये नाणं वाकवण्याची चाल होती. घरात कुणी आजारी पडलं, की त्याच्या अंगावर पेनी धरून, संताचं नाव घेऊन ती वाकवायची आणि बरं वाटलं तर ती त्या संताच्या समाधीवर नेऊन वाहायची असा नवस बोलत. हेरफर्डचा बिशप थॉमस कँटिलुप १२८२ मध्ये वारला. त्याला संतपद द्यावं का, याची चौकशी १३०७ मध्ये झाली, तेव्हा लोकांनी दिलेल्या साक्षींत अशा वाकवलेल्या पेनींची हकिगत नोंदली गेली. १३२० मध्ये तो संत ठरला. वाकवलेलं नाणं पुन्हा बाजारात जाणार नाही, ते आता संताचं झालं, हे त्या वाकण्यातूनच जाहीर होई. अशी दुमडलेली नाणी शेतांतही सापडतात.

भोकाचा औषधाशीही संबंध होता. गंडमाळेच्या रोग्याला राजानं स्पर्श केला तर तो बरा होतो, अशी इंग्लंडमध्ये श्रद्धा होती. सातव्या हेन्रीच्या काळापासून अशा रोग्याला ‘एंजल’ नावाचं सोन्याचं नाणं भोक पाडून, फितीत ओवून गळ्यात घालायला देत. त्यावर सैतानरूपी अजगराला मारणारा देवदूत मायकेल असे. ही प्रथा इतकी टिकली, की पुढे थोर कोशकार झालेल्या सॅम्युएल जॉन्सनला लहानपणी, १७१२ मध्ये, राणी ॲनकडे नेलं होतं. तोवर नाण्याऐवजी खास पदक देऊ लागले होते. ते जॉन्सननं जन्मभर गळ्यात घातलं आणि आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शेतातल्या सुट्ट्या पेनीबाबत असा कागद कधीच मिळणार नाही. पण १३५१ पासूनच्या ग्रोटवर क्रूसाभोवती लॅटिनमध्ये ‘मी देवाला माझा साहाय्यकर्ता केलं आहे’ असं लिहिलेलं असे. ते नाणं क्रूस पुढे करून गळ्यात घालणाऱ्याला लॅटिन वाचता येत नसलं, तरी ती अक्षरं देवाची आहेत एवढं त्याला पाद्र्यानं सांगितलं असण्याची शक्यता बरीच वाटते.

## एकच नाणं, मग कायदा आड का येतो?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर कायदा १९९७ पासून लागू आहे. ‘ट्रेझर’ म्हणजे ज्यावर मूळ हक्क राजसत्तेचा असतो आणि जी कळवावीच लागते अशी सापडलेली वस्तू. नियम थोडक्यात असा: वस्तू किमान ३०० वर्षं जुनी असावी आणि तिच्यात वजनानं किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असावी. पण नाण्यांना वेगळं माप आहे. सोन्या-चांदीची किमान दोन नाणी एकाच ठेव्यातली असतील तरच ती ट्रेझर. एकटं नाणं नाही. एकेकटी नाणी सगळीकडे इतकी सापडतात, की प्रत्येकासाठी चौकशी लावली तर काम कधी संपायचंच नाही.

म्हणून सगळा प्रश्न एका मुद्द्यावर येतो: ही पेनी नाणं आहे की वस्तू? पिन लावून, मुलामा देऊन तिचा दागिना केला असेल तर ती ‘वस्तू’ झाली, आणि चांदीची जुनी वस्तू एकटी असली तरी ट्रेझर ठरते. पैशाचं पैसेपण कधी संपलं, हे कायद्याला ठरवावं लागतं आणि त्यासाठी तो त्या भोकाकडे बघतो. नुसतं भोक, बाकी खूण नाही, अशी प्रकरणं अवघड असतात. खरोखर दागिना केला होता असं म्हणायला आधार आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

कॉरोनरचा संबंध त्याहून जुना. ११९४ मध्ये हे पद निर्माण झालं तेव्हा राजाच्या तिजोरीत जाणारं उत्पन्न राखणं हेच त्याचं काम होतं. अकस्मात मृत्यूंतून राजाला मालमत्ता मिळे, तशी सापडलेल्या धनातूनही. बाकीची कामं काळाच्या ओघात गेली, ही दोन उरली.

## सापडणाऱ्यावर हा अन्याय नाही का?

निकाल ‘ट्रेझर’ असा लागला तरी वस्तू फुकट जात नाही. एखाद्या संग्रहालयाला ती हवी असेल, तर स्वतंत्र समिती बाजारभावानं किंमत ठरवते. ती रक्कम सहसा सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. कुठल्याच संग्रहालयाला ती नको असेल, तर ती परत मिळते. भोक पाडलेल्या पेनीची किंमत फार नसते. नाण्यांच्या व्यापाऱ्याच्या लेखी भोक म्हणजे खोट. अभ्यासकाच्या लेखी नेमकं उलट, कारण धडधाकट पेनी टांकसाळीची गोष्ट सांगते आणि भोकाची पेनी ती बाळगणाऱ्या माणसाची.

वस्तू कळवायला १४ दिवसांची मुदत असते. न कळवणं गुन्हा आहे. एकट्या साध्या नाण्याची सक्ती नाही, पण तेही स्वखुशीनं नोंदवावं म्हणून ब्रिटिश म्युझियम आणि वेल्सचं राष्ट्रीय संग्रहालय मिळून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही योजना चालवतात. १९९७ मध्ये ती प्रायोगिक पातळीवर सुरू झाली. आज तिच्या नोंदींत १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्या कुणालाही इंटरनेटवर पाहता येतात. भोकाची पेनी एकटी असते तेव्हा कुतूहलाची वस्तू असते. कोणत्या भागात, कोणत्या राजाच्या, कोणत्या बाजूनं ओवलेल्या अशा शेकडो पेनींची नोंद झाली, तेव्हा कुठे वर सांगितलेलं सगळं बोलता येऊ लागलं. यातलं बहुतेक काम कुदळ-फावडं घेतलेल्या पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी काढून डिटेक्टर फिरवणाऱ्या साध्या माणसांनी केलं आहे.

न कळवल्यानं काय होतं, हेही दिसलं आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ नवव्या शतकातला एक ठेवा सापडला. सापडणाऱ्यांनी तो कळवला नाही, परस्पर विकायला काढला. खटल्यापर्यंत सुमारे ३०० नाण्यांपैकी जेमतेम तीसेक परत मिळाली होती. २०१९ मध्ये दोषींना तुरुंगवास झाला. परत मिळालेल्या थोड्या नाण्यांतही वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा केओलवुल्फ यांच्या मैत्रीचा पुरावा निघाला. उरलेल्यांत काय होतं, ते आता बहुधा कुणालाच कळणार नाही.

## आपल्या शेतात असं नाणं निघालं तर?

महाराष्ट्राच्या मातीतही अशी नाणी आहेत. तेरसारख्या सातवाहनकालीन ठिकाणी रोमन नाण्यांची मातीत उठवलेली पदकं मिळाली आहेत, अडकवण्यासाठी कडी किंवा भोक असलेली. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांनाही अनेकदा सम्राटाच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोकं असतात. चांदीच्या जुन्या रुपयांना डाग देऊन कडी लावलेली तर सराफ रोज बघतात आणि बहुतेक वेळा मोडीत वितळवतात.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ठेवा बेवारस ठरला आणि वाटणीबाबत आधी काही ठरलेलं नसलं, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला तो हवा असेल, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेऊ शकतं. इथं नाणं एकटं की दुकटं, भोकाचं की साधं, हा भेद नाही. आणि धातूच्याच भावानं मोजणाऱ्या कायद्यात भोकाला किंमत कुठून येणार?

त्यामुळे असं नाणं हाती आलं तर ते चिंचेनं, राखेनं किंवा लिंबानं घासू नये. भोकातली माती टाचणीनं कोरून काढू नये, कारण दोऱ्याचा एखादा तंतू तिथंच अडकलेला असू शकतो. जमिनीचा गट नंबर आणि शेतातली नेमकी जागा लिहून ठेवावी. दोन्ही बाजूंचे फोटो काढताना भोक वरच ठेवावं, म्हणजे ते जसं कुणाच्या गळ्यात लटकत होतं तसंच दिसेल. मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.